नर्सरी चांगली म्हणून तिथलं पाळणाघरही चांगलं?

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, नाशिकरोड, नाशिकमध्ये कुठंही जा. जूनच्या प्रवेशांची धांदल सुरू झाली की लहान मुलांच्या आईबाबांकडून एकच वाक्य ऐकू येतं: ‘नर्सरी नावाजलेली आहे, डे-केअरही तिथंच आहे, दोन्ही प्रश्न एकदम सुटले.’ सुटलेला असतो एकच. दुसरा कुणी विचारलेलाच नसतो. एका इमारतीत, एका पाटीखाली आणि एकाच फीच्या पावतीवर आल्यानं नर्सरी आणि पाळणाघर एक होत नाहीत. हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं, याचा मला आता वीट आला आहे.

नर्सरी तुम्हाला ठाऊक आहे. गाणी, गोष्टी, मणी ओवणं, डबा, व्हॅन. खासगी प्ले स्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वय ३ ते ६, दिवसाला ३ ते ४ तास, २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस. पाळणाघरात सहा-आठ महिन्यांचं बाळही असतं आणि ते तिथं आठ-दहा तास राहतं. वय, वेळ, फी हे फरक बाहेरच्या बोर्डावरच लिहिलेले असतात, त्यात कुणी फसत नाही.

फसतात ते इथं: नर्सरीत शिकवतात आणि पाळणाघरात नुसतं सांभाळतात, असं धरून चालतात. मग नर्सरीला अभ्यासक्रम विचारतात आणि पाळणाघराला कॅमेरे किती ते विचारतात. प्रत्यक्षात तीन वर्षांखालचं मूल जे काही शिकतं, ते बहुतेक सांभाळातच शिकतं. दिवसातून चार-पाच वेळा डायपर बदलावा लागतो. ‘आता पाय वर कर हं… हा उजवा… आता दुसरा’ असं म्हणून ताई क्षणभर थांबते, मूल पाय उचलतं किंवा ‘अं’ करतं, ती त्याला उत्तर देते. यात भाषा आहे, शरीराची ओळख आहे, आणि आपल्याला विचारून काही केलं जातं हा विश्वासही आहे. तोच डायपर पाठीमागच्या बाईशी गप्पा मारत तीस सेकंदांत बदलला, तर मूल स्वच्छ झालं, बाकी काही झालं नाही. जेवणाचंही तसंच. वरणभाताचा घास भरवणं वेगळं, आणि दीड वर्षाच्या मुलासमोर ताटली ठेवून, अर्धा भात जमिनीवर जाणार हे मान्य करून, शेजारी बसून राहणं वेगळं.

हे माझं एकटीचं मत नाही. बुडापेस्टमध्ये एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये लोत्सी रस्त्यावर अनाथ बाळांसाठी घर सुरू केलं. तिथं अंघोळ, जेवण, कपडे बदलणं हीच बाळ आणि सांभाळणारी यांच्या नात्याची मुख्य वेळ मानली गेली. ती घाईनं उरकायची नाही, हा तिथला नियमच होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालवाडीचं काम उभं केलं. मुलांची स्वच्छता आणि खाणं त्यांनी शिक्षणातून वगळलं नव्हतं. ती वाटणी आपण नंतर केली, आणि पगारही तसेच वाटले.

आता जोडून चालणाऱ्या नर्सरी-डे-केअरचा एक साधा दिवस घ्या. मूल नऊला येतं. साडेबारापर्यंत प्रशिक्षण घेतलेली, गोड बोलणारी टीचर असते. प्रवेशाच्या वेळी तुम्ही भेटलात ती हीच. साडेबाराला ती घरी जाते. पुढं साडेसहापर्यंत सहा तास मुलं मावशींच्या ताब्यात. नावाजलेले साडेतीन तास तुम्ही पाहून घेतलेत, उरलेले सहा पाहिलेच नाहीत. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या घरांतली मुलं तर त्याहून जास्त वेळ थांबतात.

मावशींना यात दोष देणं मला अजिबात मान्य नाही. त्यांना पगार टीचरपेक्षा कमी, फरशी आणि संडासही त्यांच्याकडेच, आणि एक वर्षाच्या बाळापासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे एकाच खोलीत. टीव्ही लागतो तो यामुळे. त्यात काही संस्था त्यांना ताकीद देतात की मुलांसमोर मराठी बोलायचं नाही. सिडको-सातपूरमध्ये खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. अहिराणीत झकास गोष्ट सांगू शकणारी बाई मग दिवसभर ‘सिट डाउन’ आणि ‘नो’ एवढंच बोलते. बोलायला शिकण्याच्या वयातल्या मुलांजवळ सहा तास मुकं माणूस ठेवण्याचा हा प्रकार मला सगळ्यात जास्त संताप आणतो.

म्हणून पाळणाघर बघायचं ते दुपारी साडेतीनला, आधी न कळवता. आत येऊच देत नसतील, तर निर्णय तिथंच झाला. येऊ दिलं तर भिंतीवरचे कार्टून बघू नका. झोपेतून रडत उठलेल्या मुलाकडे कोण जातं आणि किती वेळानं जातं, ते बघा. झोप न येणाऱ्या मुलाला अंधारात दामटून पाडून ठेवतात का, तेही बघा. मग एकच प्रश्न विचारा: माझ्या मुलाची ताई कोण? एक नाव सांगितलं आणि ती ताई तिथं वर्ष-दोन वर्षं टिकलेली असेल, तर ते पाळणाघर माझ्या लेखी उत्तम, मग खेळणी जुनी का असेनात. ‘सगळ्याच सगळ्यांना बघतात’ याचा अर्थ रडताना कुणाकडे जायचं, हे मुलाला ठाऊक नाही. संध्याकाळचा निरोपही ऐका. ‘छान राहिला’ हा निरोपच नव्हे. ‘आज दोनच घास खाल्ले, उठल्यावर बराच वेळ मांडीवर होता’ असं सांगणारीनं मुलाकडे पाहिलेलं असतं.

कॅमेऱ्यांवर फार भिस्त ठेवू नका. मूल पडलं की नाही ते त्यात दिसतं, त्याच्याशी कुठल्या सुरात बोललं गेलं ते बहुधा कळत नाही. आणि ‘डे-केअरमध्ये अभ्यासही करून घेतो’ ही जाहिरात दिसली तर पुढं चला. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ३ ते ६ वयाला पाठ्यपुस्तकच नको म्हणतो. दुपारी चारला पेंगुळलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात गिरवायची वही देणाऱ्यांना ना सांभाळ कळला, ना शिक्षण.

माझी पसंती ठाम आहे. तीन वर्षांपर्यंत घराजवळच्या काकूंचं, पाच-सात मुलांचं घरगुती पाळणाघर, पण काकू बोलक्या हव्यात. तीन पूर्ण झाली की सकाळची नर्सरी, आणि दुपारी परत त्याच काकूंकडे. नेण्या-आणण्याची ओढाताण होते, मान्य आहे, पण मुलाचं माणूस बदलत नाही. तुमच्या कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१७ पासून कायद्यानुसार पाळणाघराची सोय देणं तिच्यावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. एचआरकडे हे लेखी मागा. तोंडी विचारलं की विषय टोलवला जातो.

नर्सरी आणि पाळणाघर दोन्ही एकाच जूनमध्ये मात्र सुरू करू नका. पाळणाघर आधी, जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये. पहिले काही दिवस तुमच्यापैकी एकानं तिथं बसायचं, आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग बाहेर पडताना मुलाला सांगून जायचं. लपून सटकायचं नाही. आईबाबांना बसू देत नाहीत अशा ठिकाणी फी भरू नका, नर्सरीचं नाव कितीही मोठं असलं तरी.