नाताळची पूर्वसंध्या

नाताळची पूर्वसंध्या : येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ व रात्र. पाश्चात्त्य ख्रिस्ती पंचांगानुसार ती २४ डिसेंबरला येते, जुने जूलियन पंचांग पाळणाऱ्या चर्चमध्ये ६ जानेवारीला, तर आर्मेनियात ५ जानेवारीला. नाताळ म्हटले की २५ डिसेंबर हीच तारीख डोळ्यांपुढे उभी राहते, पण जगाच्या फार मोठ्या भागात घरचा नाताळ होतो तो याच रात्री. पोलंड, जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, मेक्सिको, फिलिपीन्स हे एकमेकांपासून किती दूरचे देश! तरीही तिथे घरातली मोठी पंगत, प्रार्थना आणि गाणी याच रात्री असतात. २५ तारीख नातलगांकडे जाण्यात, उरलेसुरले खाण्यात आणि विसावा घेण्यात जाते.

सणाची सुरुवात संध्याकाळी होण्याचे कारण जुने आहे. सूर्यास्तापासून दिवस मोजण्याची ज्यू परंपरा चर्चच्या उपासनेत मोठ्या सणांपुरती टिकून राहिली, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच सण लागतो. दुसरे कारण उपासाचे. मोठ्या सणाआधी उपास करायचा आणि सण लागला की तो सोडायचा, हा नियम पूर्वेकडील चर्चनी आजही कसोशीने पाळला आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपास असतो, तर इजिप्तमधील कॉप्टिक आणि इथिओपियन चर्चमध्ये त्रेचाळीस दिवसांचा. मांस, दूध, लोणी, अंडी सगळे वर्ज्य. कॅथलिकांमध्ये चार रविवारांचा आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ असतो आणि पूर्वी २४ डिसेंबरला मांसवर्ज्य उपास सक्तीचा होता. १९६०च्या दशकात ही सक्ती गेली, पण स्वयंपाकघरांनी ती सोडली नाही. पूर्व आणि दक्षिण युरोपात या रात्री ताटात मासे का असतात, याचे उत्तर या उपासात आहे. नाताळ म्हणजे नुसती मेजवानी नाही, कित्येक दिवस वाट पाहून मिळालेली मेजवानी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा धागा हातातून सुटला, की जगभरच्या नाताळच्या प्रथा नुसत्या गमतीजमती वाटू लागतात.

पोलंडमधील ‘विगिलिया’ या रात्रीचे सर्वांत रेखीव रूप मानावे लागेल. दुपार कलली की घरातली मुले खिडकीशी उभी राहून आकाशात पहिला तारा शोधतात. तो दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. टेबलावर पांढरी चादर आणि तिच्याखाली मूठभर वाळलेले गवत असते, येशू गव्हाणीत जन्मला त्याची ही आठवण. जेवायला जितकी माणसे असतील त्याहून एक ताट जास्त मांडले जाते. ते अवचित दारी आलेल्या पाहुण्यासाठी असे काही घरांत सांगतात, काही घरांत त्या वर्षी गेलेल्या माणसासाठी असे. जेवणाआधी ‘ओपवातेक’ वाटतात. ही पिठाची कागदासारखी पातळ, ख्रिस्तजन्माचे चित्र उठवलेली पापडी. प्रत्येक जण आपली पापडी दुसऱ्यापुढे धरतो, दुसरा तिचा तुकडा मोडून घेतो आणि दोघे एकमेकांना येत्या वर्षासाठी शुभेच्छा देतात. घरातल्या प्रत्येकाशी हे करावे लागते. ज्याच्याशी वर्षभर बोलणे बंद असेल त्याच्याही समोर उभे राहावे लागते, आणि या प्रथेचे मोल तिथेच आहे. परदेशी गेलेल्या नातलगांना ही पापडी पत्रातून पाठवण्याचीही रीत आहे.

त्यानंतर येशूच्या बारा शिष्यांच्या नावाने बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे. आळंबीचे सारण भरलेल्या इवल्या करंज्या सोडलेले बीटाचे आंबट सार, कार्प मासा, खारवलेले हेरिंग मासे, कोबी, वाटाणे, खसखशीचे गोड पदार्थ, सुक्या फळांचे पेय. प्रत्येक पदार्थाचा घास तरी घ्यायचाच. मग नाताळगीते, भेटवस्तू आणि शेवटी मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना. इतके असूनही २४ डिसेंबरला पोलंडमध्ये सार्वजनिक सुटी नव्हती. ती २०२५ पासून मिळाली.

शेजारच्या देशांत हीच पंगत थोड्या फरकाने भेटते. लिथुएनियात चादरीखालच्या गवताची काडी ओढतात. लांब काडी आली तर दीर्घायुष्य. चेक प्रजासत्ताकात नाताळाच्या आधी रस्तोरस्ती पाण्याची पिंपे मांडून जिवंत कार्प विकतात. त्या माशाचे खवले वर्षभर पाकिटात जपले की पैसा टिकतो अशी समजूत आहे. युक्रेनमध्ये पहिला घास ‘कुत्या’चा: शिजवलेला गहू, मध आणि खसखस. घराच्या मानाच्या कोपऱ्यात धान्याची पेंढी उभी करतात आणि पूर्वज त्या रात्री तिच्यात वस्तीला येतात असे मानतात. हा देश पिढ्यान्‌पिढ्या ७ जानेवारीला नाताळ करत आला. २०२३ साली कायदा होऊन सरकारी सुटी २५ डिसेंबरला आली. अर्थात रशियाशी चाललेल्या युद्धाची ही बाब होती, पण कित्येक कुटुंबांना आपली जेवणाची रात्र तेरा दिवस अलीकडे आणावी लागली.

सर्बियात पूर्वसंध्येची खूण म्हणजे ओकची फांदी. घरातला कर्ता पुरुष ती पहाटे तोडून आणतो आणि संध्याकाळी ती चुलीत घालतात. जमिनीवर गवत पसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पहिले पाऊल टाकणारा पाहुणा निखारे ढोसून ठिणग्या उडवतो आणि जितक्या ठिणग्या तितकी समृद्धी या घराला लाभो, असा आशीर्वाद देतो. त्या दिवशीच्या भाकरीत एक नाणे दडवलेले असते. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याचे वर्ष चांगले जाणार.

इथिओपियात ख्रिस्तजन्माचा सण ‘गेन्ना’ बहुधा ७ जानेवारीला येतो. लोक पांढरी सुती वस्त्रे पांघरून रात्रभर चर्चमध्ये उभे असतात, आणि खडकात कोरलेल्या चर्चसाठी प्रसिद्ध असलेल्या लालिबेलात दूरदूरचे यात्रेकरू जमतात. त्रेचाळीस दिवसांचा उपास सुटतो तो कोंबडीच्या झणझणीत रश्शाने. इंजेरा या आंबवलेल्या पिठाच्या भाकरीच्या मोठ्या ताटाभोवती बसून सगळे कुटुंब एकत्र जेवते. दुपारी पुरुष आणि मुले वाकड्या काठ्यांनी चेंडू टोलवण्याचा गेन्ना याच नावाचा खेळ खेळतात. इजिप्तमध्येही कॉप्टिक कुटुंबे ६ जानेवारीच्या रात्री उशिरा चर्चमधून घरी येऊन उपास सोडतात. तिथे ७ जानेवारीची राष्ट्रीय सुटी २००३ पासून मिळू लागली. आर्मेनियन लोक ख्रिस्तजन्म आणि ख्रिस्ताचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, ६ जानेवारीला साजरा करतात. आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये पेटवलेली मेणबत्ती विझू न देता घरी आणायची असते. वाऱ्यात हाताचा आडोसा करून ज्योत सांभाळणे हे मुलांचे आवडते काम.

स्पेनची सत्ता पोचलेल्या काही देशांत ही वाट पाहणे एका रात्रीचे राहिले नाही, नऊ रात्रींचे झाले. मेक्सिकोतील ‘पोसादा’ १६ ते २४ डिसेंबरपर्यंत चालतात. त्यांची सुरुवात सोळाव्या शतकात अकोलमान येथील ऑगस्टिनियन मठातून झाली असे मानतात. गर्भवती मरीया आणि योसेफ बेथलेहेममध्ये आसरा शोधत फिरले, तो प्रसंग शेजारपाजारची कुटुंबे मिळून घडवून आणतात. अर्धी मंडळी बाहेर मेणबत्त्या घेऊन उभी राहतात, अर्धी दाराच्या आत. बाहेरचे गाण्यातून जागा मागतात, आतले गाण्यातूनच नकार देतात. हे बराच वेळ चालते आणि अखेर आतल्यांना कळते की दारात कोण उभे आहे. दार उघडते, सगळे आत येतात. मग प्रार्थना, फळांचे गरम पेय आणि डोळे बांधून ‘पिन्याता’ हे खाऊ भरलेले, टांगलेले सजवलेले भांडे फोडणे. तिची पारंपरिक सात टोके म्हणजे सात घोर पापे. दर रात्री यजमान घर बदलते. आसरा नाकारणारा आणि मागणारा या दोन्ही भूमिका मुलांना लहानपणापासून वठवाव्या लागतात, आणि निर्वासितांच्या या काळात याहून चांगला संस्कार सुचणे कठीण आहे. कोलंबियात याच नऊ संध्याकाळी कुटुंबे घरच्या गव्हाणीसमोर, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासमोर बसून नवेना ही नऊ दिवसांची प्रार्थना म्हणतात.

फिलिपीन्समध्ये त्या नऊ रात्री पहाटेकडे सरकल्या. शेतकऱ्यांना उन्हाआधी शेतावर जायचे असे, म्हणून १६ डिसेंबरपासूनची मिस्सा कोंबडा आरवण्याच्या वेळी ठेवली गेली. अंधारात उठून सगळे घर चर्चला जाते आणि परतताना चर्चच्या अंगणात तांदळाच्या पिठाचे गरमागरम ‘बिबिंगका’ खाते. खिडकीत बांबूचा आणि कागदाचा, ताऱ्याच्या आकाराचा ‘पारोल’ कंदील टांगलेला असतो. २४च्या मिस्सेनंतर मध्यरात्री ‘नोचे बुएना’ची पंगत बसते आणि दुसऱ्या दिवशी मुले आजी-आजोबांचा, धर्ममातापित्यांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेतात. फार मोठ्या संख्येने माणसे परदेशात कामाला असलेला हा देश आहे. कितीतरी घरांत त्या मध्यरात्री आई किंवा वडील फोनच्या पडद्यावरूनच जेवणात सामील होतात.

व्हेनेझुएलातील ‘हायाका’चा उल्लेख इथेच करायला हवा. केळीच्या पानात मक्याचे पीठ थापून, त्यात मांसाचे सारण, ऑलिव्ह, मनुका घालून, दोऱ्याने बांधून उकडलेला हा पदार्थ एकट्याने होत नाही. एक जण पाने पुसतो, दुसरा पीठ पसरतो, तिसरा सारण भरतो, चौथा गाठ मारतो. आजी चव पाहते. डिसेंबरातला एक पूर्ण दिवस त्यात जातो. नाताळच्या वर्णनांमध्ये झाडे, दिवे आणि गाणी भरपूर येतात, पण हा सण मुख्यतः स्वयंपाकघरातल्या बायकांच्या कष्टावर उभा असतो, हे क्वचितच नोंदवले जाते. बारा पदार्थ काही आपोआप होत नाहीत.

घरातल्या मांडणीत सर्वांत जुना मान गव्हाणीचा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हापासून या प्रथेला जोर आला. नेपल्समध्ये सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही अख्खी गल्लीच गव्हाणीच्या मूर्ती घडवणाऱ्यांची आहे. तिथल्या देखाव्यात मेंढपाळांबरोबर मासेवाला, पाववाला, शेजारीण सगळे असतात. पुष्कळ घरांत बाळ येशूची जागा २४च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात आणि मग घरातले सर्वांत लहान मूल मूर्ती तिथे ठेवते. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मूर्ती दूरच्या कपाटावरून निघून रोज थोड्या थोड्या पुढे सरकत ६ जानेवारीला पोचतात.

भेटवस्तू कोण आणतो, याचे उत्तर देशागणिक बदलते. जर्मनीच्या दक्षिण भागात आणि ऑस्ट्रियात बाल ख्रिस्त आणतो. बैठकीची खोली दिवसभर बंद असते, घंटी वाजली की दार उघडते आणि उजळलेले झाड मुले प्रथमच पाहतात. नेदरलँड्समध्ये भेटी ५ डिसेंबरलाच, संत निकोलसच्या नावाने आणि सोबत घेणाऱ्याची थट्टा करणारी कविता जोडून. आइसलँडमध्ये १२ डिसेंबरपासून तेरा खोडकर बुटके एकामागून एक येतात आणि खिडकीतल्या बुटात काहीबाही ठेवून जातात. पूर्वसंध्येला मात्र पुस्तके भेट द्यायची आणि रात्री वाचत पडायचे. स्पेनमध्ये तीन राजे ५ जानेवारीच्या रात्री येतात. त्यांच्या उंटांसाठी मुले पाणी ठेवतात. इटलीत त्याच रात्री बेफाना ही म्हातारी झाडूवर बसून येते.

इंग्रजीभाषक जगात मात्र २५ची सकाळच महत्त्वाची. तिथला कौटुंबिक नाताळ वाटतो तितका जुना नाही. प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथीयांना हा सण बायबलबाह्य वाटे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात तो पाळणाऱ्यास दंड होता आणि स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबर १९५८पर्यंत सार्वजनिक सुटीचा दिवस नव्हता. १८४८ साली व्हिक्टोरिया राणीचे कुटुंब झाडाभोवती उभे असल्याचे चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले आणि जर्मन झाड ब्रिटिश मध्यमवर्गाच्या घरात शिरले. उशापायथ्याशी टांगलेले मोजे, भाजलेली टर्की, दोघांनी ओढून फोडायचे क्रॅकर आणि १९३२पासून राजघराण्याचे दुपारचे भाषण ही तिथली चौकट. जपानमध्ये ख्रिस्ती लोक अगदी थोडे आणि सुटीही नाही, तरी स्ट्रॉबेरीचा केक घरी नेतात, आणि तळलेली कोंबडी नेण्याची पद्धत १९७४च्या एका जाहिरात मोहिमेनंतर रुजली.

सरकारांनी नाताळ बंद करून पाहिला आहे. सोव्हिएत संघात नाताळचे झाड हद्दपार झाले आणि १९३५ अखेर परत आले ते नववर्षाचे झाड म्हणून. क्युबात १९६९ साली सुटी काढून घेतली, ती पोपच्या भेटीच्या तोंडावर १९९७ साली परत दिली. मधल्या वर्षांत काही घरांनी पडदे ओढून हा सण जपला. घरात होणारा सण पूर्णपणे पुसता येत नाही.

दिवंगतांची आठवण हा या रात्रीचा अविभाज्य भाग आहे. पोर्तुगालमध्ये काही घरांत खारवलेल्या कॉड माशाच्या जेवणात त्यांच्यासाठी जागा राखतात. फिनलंडमध्ये २४च्या दुपारी बारा वाजता तुर्कू शहरात नाताळच्या शांततेची घोषणा वाचली जाते; त्यानंतर सौना हे गरम वाफेचे स्नान, आणि अंधार पडताना बर्फातल्या कबरींवर मेणबत्त्या लावायला कुटुंबेच्या कुटुंबे जातात.

सण संपण्याची तारीखही सगळीकडे एक नाही. बेथलेहेममध्ये पूर्वसंध्येचे सोहळे तीनदा होतात: कॅथलिकांचे २४ डिसेंबरला, ऑर्थोडॉक्सांचे ६ जानेवारीला आणि जेरुसलेमचे आर्मेनियन चर्च जूलियन पंचांग पाळत असल्याने त्यांचे १८ जानेवारीला. स्वीडनमध्ये झाड १३ जानेवारीला उतरवतात. मेक्सिकोत ६ जानेवारीला कापायच्या गोल पावात बाळाची छोटी बाहुली लपवलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येईल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस हे पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे पदार्थ खाऊ घालायचे. त्या दिवशी गव्हाणीतल्या बाळाला नवे कपडे घालून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात आणि मगच घरातली मांडणी आवरतात.