हळद, जवस आणि अंगातली जुनाट सूज : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हळद घेताना "गुडघ्यांना चालेल ना?", "सीआरपी वाढलंय, किती घेऊ?" असं हल्ली बरेच जण विचारतात. (सीआरपी म्हणजे अंगात सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रथिन.) काउंटरवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. एक गोष्ट आधीच सांगतो. आमच्याकडे मिळते ती मसाल्याची हळद. तिनं एखादा आजार बरा होतो असं आम्ही म्हणत नाही, आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्याला तसं म्हणायला कायद्यानं मुभाही नाही.

सूज कोणती?

पाय मुरगळला की सुजतो, लाल होतो, काही दिवसांत ओसरतो. ही सूज कामाची आहे. तिच्यावाचून जखम भरत नाही. जुनाट सूज मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती मंदपणे वर्षानुवर्षं चालू राहते आणि वयाबरोबर वाढते. इटलीतले संशोधक क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली तिला 'इन्फ्लमेजिंग' हे नाव दिलं. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी नुसती पडून नसते. ती आयएल-६ सारखी सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते आणि त्यामुळे यकृत सीआरपी जास्त बनवतं. म्हणून वजनकाट्याइतकीच टेपही महत्त्वाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ओलांडले की लक्ष घालायची वेळ आली.

डॉक्टरांनी एचएस-सीआरपी (सीआरपीची जास्त बारकाईनं होणारी) तपासणी सांगितली असेल तर हृदयविकाराच्या दृष्टीनं १ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं धरतात. सर्दी-तापात किंवा दाढ ठणकत असताना ही तपासणी केली तर आकडा उगाच फुगतो. १० च्या वर आला तर आधी संसर्ग किंवा दुसरं कारण शोधतात आणि किमान दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त देतात.

हळद किती आणि कशी?

चहाच्या सपाट चमच्यात साधारण ३ ग्रॅम हळद बसते. चांगल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातलं मुख्य गुणकारी द्रव्य, २ ते ५ टक्के, म्हणजे चमच्यात फार तर ६० ते १५० मिलिग्रॅम. गुडघेदुखीवर थोडाफार फायदा दिसलेले बरेचसे अभ्यास मात्र रोज ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अर्काचे आहेत. तेवढं कर्क्युमिन भाजीतून मिळवायला निघालात तर भाजी खाववणार नाही.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, आणि एरवी रक्तात फारच थोडं पोचतं. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तेव्हा माणसांच्या रक्तातलं प्रमाण वीसपट वाढलं. फोडणीची आपली जुनी पद्धत त्यामुळे उत्तमच. मोहरी तडतडली की गॅस बारीक करा, हळद घाला आणि लगेच भाजी टाका. हळद करपली की कडू होते. दुधासाठी एक कप दूध, पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड आणि अर्धा चमचा तूप एकत्र दोन-तीन मिनिटं उकळा. नुसती कोमट दुधात ढवळलेली हळद कच्चट लागते आणि तळाशी बसते. दिवसभराचं सगळं जेवण धरून माणशी अर्धा ते पाऊण चमचा पुरे.

कॅप्सूलची गोष्ट वेगळी. आम्ही त्या ठेवत नाही. जास्त मात्रेच्या, विशेषतः पिपरिन घातलेल्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद होणं, डोळे पिवळे पडणं, अंगाला खाज सुटणं यांपैकी काही दिसलं तर कॅप्सूल बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर विचारल्याशिवाय कॅप्सूल सुरूच करू नका. मूतखड्याची सवय असलेल्यांनी चमचाभर हळद रोज पाण्यातून घेण्याचा नादही सोडावा. हळदीत मूतखड्याला कारण ठरणारं ऑक्झलेट भरपूर असतं.

भेसळीची शंका आली तर ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी भडक पिवळं झालं तर ती वापरू नका. हळकुंडं फार चकचकीत पिवळी दिसली तरी सावध व्हा, कारण चमक आणण्यासाठी शिशाचा रंग लावण्याचे प्रकार झालेले आहेत.

जवस

जवस अख्खं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, मग कुटा. गरम असताना मिक्सरला लावलं तर तेल सुटून गोळा होतो. रोज पोह्याचा एक चमचा पूड पुरते आणि वर पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट बांधतं. पूड लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. जवसातलं ओमेगा-३ (एक उपयोगी स्निग्धांश) शरीर थोड्याच प्रमाणात माशांतल्या प्रकारात बदलतं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा घेतली तर ते जास्त थेट.

आमच्याकडे न मिळणारं

खरा फरक इथे पडतो. तंबाखू आणि मशेरी सोडा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांचे डॉक्टर गाठा, कारण हिरड्यांचा जुना संसर्ग सगळ्या शरीरातली सूज वाढवतो आणि मशेरीनं बळकट झालेल्या हिरड्या आम्ही तरी पाहिलेल्या नाहीत. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा; खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं इथूनही सुरुवात होते. झोप सात तास. घाण्याचं असलं तरी तेल ते तेलच, माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर बस्स.

सांधेदुखीची पुडी

नाव-पत्ता नसलेल्या पुडीनं दोन दिवसांत दुखणं गायब झालं, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. चेहरा गोल होणं, साखर आणि रक्तदाब वाढणं ही त्याची लक्षणं. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. उरलेली पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. सकाळी सांधे तासभर आखडत असतील, एखादा सांधा गरम आणि लाल झाला असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर हळदीची वाट न पाहता तपासून घ्या.