बंद मशीनची नोंद होते, मंद मशीनची होत नाही

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही मशीन शॉपमध्ये शिरलात, तर सीएनसी लेथच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मशीनच्या) कडेला टांगलेला एखादा क्लिपबोर्ड दिसेल. मशीन किती वाजता थांबलं, का थांबलं, परत कधी सुरू झालं, हे ऑपरेटरने त्यावर लिहायचं असतं. अक्षरं बहुधा गुजराती, त्यावर तेलकट बोटांचे ठसे: 'चिप फसाई' (धातूचा कीस अडकला), 'एर प्रेशर नथी', 'लाइट गई'. महिना संपला की कागद फायलीत जातो. मग बैठकीत 'मशीन आता पूर्वीसारखं माल देत नाही' असा विषय निघतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण खरं ठरतं. मेंटेनन्सवाल्यांच्या मते ऑपरेटर बेफिकीर, ऑपरेटरच्या मते इन्सर्ट (कापणारी, बदलता येणारी टोकं) हलक्या दर्जाचे, शेठच्या मते मशीनचं वय झालंय.

पॅरेटो विश्लेषण म्हणजे हा वाद त्याच फायलीतल्या कागदांवर सोडवणं. नोंदी कारणांप्रमाणे वेगळ्या करायच्या, प्रत्येक कारणाने खाल्लेला वेळ जोडायचा, मोठ्यापासून लहानापर्यंत स्तंभ उभे करायचे आणि वरून वाढत्या बेरजेच्या टक्केवारीची रेषा काढायची. पहिले दोन-तीन स्तंभच बहुतेक नुकसान खातात असं सहसा दिसतं. यात जादू काही नाही. एकूण नुकसान म्हणजे किती वेळा थांबलं गुणिले दर वेळी किती मिनिटं, आणि गुणाकारात लहानमोठे फरक भराभर फुगतात.

विल्फ्रेडो पॅरेटो हा इटालियन अर्थतज्ज्ञ मूळचा इंजिनिअर. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १८९० साली कलाभवन काढलं, त्याच दशकात तो उत्पन्नाच्या विषम वाटणीवर लिहीत होता. कारखान्याशी या लिखाणाचा काही संबंध नव्हता. तो जोडला अमेरिकेतले गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी. 'मोजकी महत्त्वाची आणि पुष्कळशी किरकोळ' ही विभागणी त्यांनी सगळ्याच दोषांना लावली आणि वर पॅरेटोचं नाव दिलं. हे नाव चुकीचं पडलं, अशी कबुली त्यांनीच १९७५ साली लेख लिहून दिली. तोवर ते सर्वतोमुखी झालं होतं. ८० आणि २० हे आकडेही नियम नव्हेत. कुठे ७०-३० निघेल, कुठे ९०-१०.

आता एक काल्पनिक महिना घेऊ. मशीन ४५० तास चालायला हवं होतं, त्यातले ५० तास, म्हणजे ३,००० मिनिटं, बंद राहिलं. चिप अडकून १४० वेळा, दर वेळी ३ मिनिटं: ४२०. इन्सर्ट बदलायला ६० वेळा, ५ मिनिटांप्रमाणे ३००. जॉब (मशीनवर बनणारा भाग) बदलताना सेटिंग २२ वेळा, ५० मिनिटांप्रमाणे १,१००. स्पिंडलचं (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग एकदाच गेलं, पण ७८० मिनिटं घेऊन. हवेचा दाब, कूलंट (कापताना थंड ठेवणारं द्रव), वीज आणि 'बीजुं' (इतर) मिळून उरलेली ४००.

किती वेळा थांबलं हे मोजून स्तंभ काढले तर चिप पहिली, इन्सर्ट दुसरे; एकूण २५० थांब्यांपैकी २०० या दोघांचे. अगदी पुस्तकातला ८० टक्के! पण मिनिटं मोजली तर या दोघांचा वाटा जेमतेम २४ टक्के. सेटिंग आणि बेअरिंग मिळून ६३ टक्के होतात. ऑपरेटरला चिपचा वैताग येतो कारण दिवसातून पाच-सहा वेळा दार उघडावं लागतं ते त्यालाच. वेळ मात्र दुसरीकडेच जातोय. त्यातही बेअरिंगचा स्तंभ जपूनच वाचावा. महिन्यात एकदा घडलेली गोष्ट पुढच्या महिन्यात शून्य असू शकते. तिच्यासाठी वर्षाच्या नोंदी काढून बसावं.

खरी मेख पुढे आहे. क्लिपबोर्डवर फक्त थांबलेलं मशीन येतं. एका जॉबला ६० सेकंद लागायचे, त्यातले ५४ प्रत्यक्ष कटिंगचे. फिनिश (पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा) खराब येऊ लागलं म्हणून कुणीतरी फीडचा, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाचा, नॉब १०० वरून ९० टक्क्यांवर आणला आणि तो तिथेच राहिला. आता कटिंगला ६० सेकंद, एकूण ६६. मशीन तर चालूच आहे, लिहायचं काय? पण चालू असलेल्या ४०० तासांपैकी ३६ तास या नॉबने खाल्ले. म्हणजे सुमारे २,१८० मिनिटं, सेटिंगच्या जवळपास दुप्पट. सर्वांत उंच स्तंभ आलेखात नव्हताच.

जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी रुजवलेली ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता) ही मोजपट्टी इथे कामी येते: उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. आपल्या मशीनची उपलब्धता ८९ टक्के, वेग ९१, आणि चांगला माल ९८ धरला तर हाती येतात सुमारे ७९ टक्के. तिन्ही आकडे सुटे पाहिले तर ठीकठाक वाटतात. म्हणून माझ्या मते पॅरेटोला बसण्याआधी स्टॉपवॉच घेऊन दहा जॉबची वेळ मोजावी.

नॉब परत १०० वर नेऊन भागत नाही. फिनिश का बिघडलं? बेअरिंग झिजत असेल तर दोन वेगळे दिसणारे स्तंभ एकाच मुळाचे निघतात, आणि हे नातं आलेख स्वतःहून सांगत नाही. स्पिंडलचं कंपन मोजावं लागतं. सेटिंगच्या ५० मिनिटांचेही असेच तुकडे पाडावेत: जॉब पकडणारे जॉ बदलणं, टूल शोधणं, ऑफसेट (टूलच्या मापांची जुळणी), पहिला पीस तपासून येईपर्यंतची वाट. यातलं टूल शोधणं आणि वाट पाहणं पान्याला हात न लावता कमी होऊ शकतं.

एक गोष्ट मात्र या रांगेत उभी करूच नये: सुरक्षा. दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा) किंवा केमिकल कारखान्यातला सेफ्टी व्हॉल्व्ह वर्षात एकदाही त्रास देत नाही, म्हणून तो शेवटचा स्तंभ ठरवणं म्हणजे जिवाशी खेळ.

'बीजुं'वरही लक्ष असू द्यावं. तो रकाना फुगला तर कारणांची यादी कमी पडतेय किंवा लिहिणाऱ्याला कंटाळा आलाय. आणि दुरुस्तीनंतरचा आलेख पहिल्याच्या शेजारी, त्याच मिनिटांच्या मापावर काढावा. कॉम्प्युटर दर वेळी पहिला स्तंभ कागदाच्या टोकापर्यंत ताणतो, त्यामुळे २,१८० मिनिटांचे ३०० झाले तरी चित्र जसंच्या तसं दिसतं आणि शेठ विचारतात, फरक काय पडला?