नमलॉकचा दिवा आणि बहिरं कंट्रोल

लातूरच्या मोंढ्यात आडतीवर बसणाऱ्या मुनिमाच्या कीबोर्डवर नमलॉकचा दिवा सकाळी लागतो, तो दुकान बंद होईपर्यंत विझत नाही. सोयाबीनच्या पट्ट्या, कट्ट्यांची वजनं, हमाली-तोलाई, सगळा कारभार उजव्या हाताच्या आकड्यांवर. अशा दुकानात लिनक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर असेल, तर कधी कधी गंमत होते. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबूनही टर्मिनल, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, उघडत नाही. नमलॉक बंद केलं की लगेच उघडतं. नमलॉकचा इथे काय संबंध?

कंट्रोल दाबून ‘सी’ दाबलं की कीबोर्डकडून ‘कंट्रोल-सी’ असा एकत्र निरोप जातो, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्या लेखी डावं कंट्रोल म्हणजे २९ नंबरचं बटण आणि ‘सी’ म्हणजे ४६ नंबरचं. २९ दाबलं, ४६ दाबलं, ४६ सुटलं, २९ सुटलं, एवढंच तो कळवतो. त्यांची सांगड वरच्या थरात बसते. बरीच वर्षं हा थर म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली, पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी एक्स विंडो प्रणाली, थोडक्यात एक्स. तिथे प्रत्येक मॉडिफायरला, म्हणजे दुसऱ्या बटणाचा अर्थ बदलणाऱ्या बटणाला, एक आकडा दिलेला आहे: शिफ्टला १, कॅप्सलॉकला २, कंट्रोलला ४, ऑल्टला सहसा ८, नमलॉकला १६, विंडोजचं चित्र असलेल्या सुपर बटणाला ६४. जेवढे चालू, तेवढ्यांची बेरीज. कंट्रोल आणि ऑल्ट मिळून १२. मुनिमाचं नमलॉक चालू, म्हणून त्याचे होतात २८.

आता एखाद्या प्रोग्रामने एक्सकडे नोंद केली असेल, की ‘टी आणि १२’ आलं की मला सांग, तर एक्स २८ला दाद देत नाही. बेरीज तंतोतंत जुळावी लागते. म्हणून जाणते प्रोग्रामर एकच शॉर्टकट चारदा नोंदवतात: साधा, नमलॉकसह, कॅप्सलॉकसह आणि दोन्हींसह. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो. घाईत लिहिलेल्या प्रोग्रामात हेच राहून जातं.

उलटा प्रकार जास्त छळतो. शॉर्टकट सुपर-टी असा ठरवला, पण कीबोर्डच्या मांडणीत सुपरला कोणताच आकडा जोडलेला नाही. प्रोग्राम त्याची किंमत शून्य धरतो आणि नोंद होते नुसत्या ‘टी’ची. मग पत्रात ‘टी’ लिहायला जावं तर टर्मिनल उघडतं. नवा कीबोर्ड आणूनही फरक पडत नाही. वेलँड या नव्या व्यवस्थेत प्रोग्रामांना अशी परस्पर नोंद करता येत नाही, शॉर्टकट डेस्कटॉपच सांभाळतो, त्यामुळे हा घोळ बराच कमी झाला.

मराठीत टाइप करणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत ‘सी’च्या बटणावर ‘म’ आहे आणि शिफ्टसह ‘ण’. तहसीलसमोर शपथपत्रं टाइप करणाऱ्याने मराठी चालू असताना कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं, तर प्रोग्रामला दिसतं कंट्रोल-म. कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं तर आणखी पंचाईत, कारण ‘ण’ उमटवण्यातच शिफ्ट खर्ची पडलं. ते शॉर्टकटसाठी मोजायचं की नाही? प्रोग्रामांच्या खिडक्या आणि मेनू बनवायला वापरली जाणारी जीटीके, क्यूटी यांसारखी साधनं अशा वेळी त्याच बटणावरचं इंग्रजी अक्षर शोधून पाहतात. त्यासाठी इंग्रजी लेआउट, म्हणजे इंग्रजी मांडणी, कीबोर्डच्या यादीत ठेवलेला बरा. मराठीच टाइप करायचं म्हणून तो काढून टाकणारे इथेच अडकतात.

टर्मिनलमध्ये मात्र शिफ्टकडे काणाडोळा हा दोष नाही, जुना रिवाज आहे. अक्षरांना आकडे देणाऱ्या आस्की संकेतात मोठा ‘सी’ ६७ आणि छोटा ९९. कंट्रोल लागलं की दोघांचेही वरचे बिट, म्हणजे ६४ आणि ३२चे भाग, गळतात आणि उरतात ३. म्हणूनच तिथे कंट्रोल-आय म्हणजे टॅब आणि कंट्रोल-एम म्हणजे एंटर.

शंका आली तर एक्सवर ‘एक्सईव्ही’ हा छोटा प्रोग्राम चालवावा. बटण दाबलं की तो ‘स्टेट’ या शब्दापुढे ती बेरीज छापतो, पण १६च्या पायात. म्हणजे मुनिमाचे २८ तिथे ‘१सी’ असे दिसतील: एक सोळा आणि वर १२, ज्याला तिथे ‘सी’ लिहितात. नुसतं ‘टी’ दाबल्याची नोंद आली नाही आणि शिफ्ट धरून दाबल्याची आली, तर कीबोर्ड शाबूत आहे. ते बटण वाटेतच कुणीतरी अडवलंय.