देव आणि भातुकली : एका तुलनेची पार्श्वभूमी

देव मानणं हे लहानपणीच्या खेळातल्या मानण्यासारखंच आहे का, हा वाद अलीकडे पुन्हा पेटला तो २०१४ साली आकलनविज्ञानाच्या एका नियतकालिकात आलेल्या लेखामुळे. लेखक पेशाने तत्त्वज्ञ. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ‘चहा गरम आहे’ हे आपण मानतो आणि ‘देव बघतो आहे’ हेही मानतो, पण या मानण्याच्या दोन जाती आहेत. पहिली दिवसरात्र चालू असते आणि पुराव्यापुढे मान तुकवते. दुसरी ठरावीक जागी, ठरावीक वेळी जागी होते आणि पुरावा आला-गेला तरी तिचं फारसं बिघडत नाही. ही दुसरी जात मुलांच्या खेळाला जवळची. २०२३ मध्ये याचंच पुस्तक झालं. मधल्या काळात आक्षेप आले, तेही सणसणीत. भाविक उपास काढतो, घरदार सोडतो, प्रसंगी जीव देतो. भातुकलीसाठी कोण जीव देतं?

तुलना अर्थात नवी नाही. १८३१ मध्ये मुंबईत मिशनरी आणि शास्त्रीमंडळी यांच्यात जाहीर वाद झाले. परक्यांनी मूर्तीला बाहुली म्हणून हिणवावं, हे त्या शतकात नेहमीचंच होतं. कुतूहलाची गोष्ट ही, की बाहुलीचा दाखला घरच्यांनीही वापरला, पण उलट्या अंगाने. बंगालमधले एक संत म्हणत, मुलगी लग्न होईपर्यंत बाहुल्यांशी खेळते, मग त्या पेटीत ठेवून देते. दर्शन झाल्यावर मूर्तीचं तसंच. त्यांच्या शिष्याने १८९३ साली शिकागोत विचारलं, म्हाताऱ्याने बालपणाला पाप म्हणावं का? म्हणजे खेळ हा शब्द त्यांना झोंबला नाही. त्यांनी त्याला पायरी केलं.

विसाव्या शतकात सूर बदलला. १९२७ च्या व्हिएन्नातल्या एका छोट्या पुस्तकाने धर्माचं मूळ बालपणातच शोधलं, मात्र खेळात नव्हे, असहायतेत : घाबरलेलं मूल बाप शोधतं, मोठं झाल्यावर आकाशात शोधतं. त्या पुस्तकातला मूळ जर्मन शब्द ‘Illusion’ मराठीत ‘भ्रम’ होऊन येतो आणि तिथे घोटाळा होतो. लेखकाने स्वतःच बजावलं होतं की हा शब्द चुकीसाठी नाही आणि वेडाच्या भ्रमासाठीही नाही. इच्छेच्या पोटी जन्मलेली समजूत, एवढाच त्याचा अर्थ. ती खरीही ठरू शकते. राजपुत्र येऊन आपल्याशी लग्न करील असं सामान्य घरातल्या मुलीला वाटणं हे त्याचंच उदाहरण. असं क्वचित घडलंही आहे, असं तो सांगतो. आपल्याकडे चूक, वेड आणि इच्छा ही सगळी ‘भ्रम’ नावाच्या एकाच गाठोड्यात गेली.

१९५२ मध्ये एका ब्रिटिश तत्त्वज्ञाने सूर्याभोवती फिरणाऱ्या, दुर्बिणीलाही न दिसणाऱ्या चहाच्या किटलीचा दाखला दिला : ती नाही हे कुणी सिद्ध करू शकत नाही, म्हणून ती आहे असं मानायचं का? ज्या मासिकाने लेख मागवला होता त्याने तो छापलाच नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका आस्तिक तत्त्वज्ञाने मांडलं की देवावरच्या विश्वासाला दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही, तो स्वतःच पाया असू शकतो. आणि मग स्वतःवरच आक्षेप घेतला : असं असेल तर ‘पीनट्स’ या अमेरिकी चित्रमालिकेतला लायनस नावाचा पोरगा दरवर्षी ज्या थोर भोपळ्याची वाट बघतो, त्या भोपळ्यावरचा विश्वासही पाया का नको? त्याने दिलेलं उत्तर सगळ्यांना पटलं नाही. मलाही ते अर्धवट वाटतं.

किटली, भोपळा, सांता ही उदाहरणं घेताना एक फरक मात्र कायम पुसला गेला आणि तो मराठीत अगदी जिभेवर आहे. ‘खोटं’ वेगळं आणि ‘खोटं खोटं’ वेगळं. भातुकलीतल्या वाळूला मुलगी भात म्हणते, पण पाहुण्याने खरंच घास घेतला तर तीच ओरडते, ‘अहो, खोटं खोटं खायचं!’ तिथे फसवणारा कुणी नाही, फसलेलाही नाही. बागुलबुवाचं तसं नाही. तो मोठ्यांनी सांगितलेला असतो आणि मुलाला खरा वाटतो. सांताही त्याच पंगतीतला. देव बागुलबुवासारखा असेल तर प्रश्न सरळ आहे : कुणी सांगितलं, कशावरून, आणि वय वाढल्यावर का सोडलं नाही? देव मानणं अविवेकाचं आहे, हा नेहमीचा आरोप तिथे नीट बसतो. देव भातुकलीसारखा असेल तर तो आरोप गळून पडतो, कारण खेळणाऱ्याला कुणी अविवेकी म्हणत नाही. पण आरोपाबरोबर दावाही गळतो. ‘देव आहे’ या म्हणण्यातला ‘आहे’च जातो. म्हणून ही दुसरी तुलना वरून मवाळ दिसली तरी भाविकाला जास्त लागते.

मुलांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही सीमारेषा पुढे तपासली. २००४ च्या एका अमेरिकी पाहणीत सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी काल्पनिक सवंगडी होता. तरी मुलाखतीत मध्येच थांबून ‘तो खरा नाहीये बरं का’ असं संशोधकालाच समजावणारी मुलं भेटतात. २००६ च्या एका अभ्यासात जंतू आणि देव दोन्ही न दिसणारे. मुलांना खात्री जंतूंची जास्त. एक स्पष्टीकरण असं दिलं गेलं की जंतूंबद्दल मोठी माणसं नुसती बोलतात, देवाबद्दल ‘मी मानतो’ असं म्हणतात. मराठीत ‘मी जंतू मानतो’ असं म्हणून बघा. आपल्याकडे मानलेला भाऊही असतो, आणि त्याला कुणी खोटा भाऊ म्हणत नाही.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळ्यांवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून ठेवण्याचा सल्ला येतो. आपल्याला त्यात नवल वाटू नये. पंढरपुरात आषाढीला विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, कारण त्या दिवसांत देव झोपत नाही. नंतर प्रक्षाळपूजेत त्याचा शिणवटा काढायला काढा देतात. नैवेद्य तर आपण ‘दाखवतो’. छोटा नामदेव अडला तो या दाखवण्यावरच. मोठ्यांचा संकेत त्याला ठाऊक नव्हता. देव जेवेना म्हणून तो हटून बसला. त्या कथेत खोटं खोटं खेळणारी मोठी माणसं आहेत आणि खरं धरून चालणारा एकटा तो पोरगा.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांचं, म्हणजे दूध मूर्तीला चिकटून चमच्यातून ओढलं जातं असं, स्पष्टीकरण लगेच आलं. पण चमचा घेऊन उभे राहिलेल्यांतल्या अनेकांनी घरी देवाला नैवेद्य दाखवला होता आणि मग तो स्वतःच खाल्ला होता, रोजच्यासारखा, कसलीही तक्रार न करता. मूर्ती चमचाभर दूध खरंच पिते म्हटल्यावर मात्र त्याची बातमी झाली.