पार्श्वभूमी : लिव्हरपूलचा ॲबरक्रॉम्बी स्क्वेअर आणि कापसाचा पैसा

लिव्हरपूल विद्यापीठाच्या आवारात आज जिथे ॲबरक्रॉम्बी स्क्वेअर आहे, तिथे पूर्वी मॉसलेक फील्ड्स नावाची पाणथळ जमीन होती. गोद्या वाढल्या, बंदराजवळची वस्ती दाटली, तसे धनिक व्यापारी वरच्या अंगाला सरकू लागले. महापालिकेचे सर्व्हेअर थोरले जॉन फॉस्टर यांनी १८०० च्या सुमारास इथला आराखडा केला. नाव दिले गेले ते १८०१ मध्ये इजिप्तच्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या जनरल राल्फ ॲबरक्रॉम्बी यांचे. बहुतेक घरे मात्र १८२० च्या आसपास आणि त्यानंतर उभी राहिली.

या रचनेचे सगळे सौंदर्य शिस्तीत आहे. तीन मजली विटांची घरे, भिंतीला भिंत, एका ओळीत खिडक्या. मालक वेगवेगळे, पण दर्शनी बाजू अशी की एकच लांबलचक महाल वाटावा. मधोमध बाग आणि तिच्यात घुमटाची गोल वास्तू. कोणाच्या तिजोरीत किती आहे, हे बाहेरून कळू नये अशीच ही मांडणी.

१९ क्रमांकाचे घर मात्र शेजाऱ्यांपेक्षा मोठे आणि थाटाचे आहे. साउथ कॅरोलायनातून आलेल्या चार्ल्स प्रिओलो या कापूस व्यापाऱ्याने ते १८६२-६३ च्या सुमारास बांधले. तेव्हा अमेरिकेत यादवी पेटली होती आणि त्याची फ्रेझर, ट्रेनहोम ही पेढी गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचे आर्थिक व्यवहार सांभाळत होती. प्रवेशदालनाच्या छतावर साउथ कॅरोलायनाचे चिन्ह असलेले पामेटोचे, म्हणजे ताडाच्या जातीचे, झाड रंगवलेले आहे. मला हा चौक खरा समजतो तो या छतामुळे. बाहेरच्या विटा ज्याविषयी गप्प राहतात, ते आत उघड चितारले आहे.

त्याच युद्धाने आपल्याकडेही उलथापालथ केली. अमेरिकी कापूस अडकला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या बंद पडू लागल्या आणि मुंबई बंदरातून लिव्हरपूलकडे जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचीही चलती झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि मुंबईतला सट्टा कोसळला. प्रिओलोची पेढीही १८६७ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे त्या घरात लिव्हरपूलचे बिशप राहिले.

चौकाच्या पूर्वेकडच्या सेंट कॅथरिन चर्चचा आराखडा थोरल्या फॉस्टरच्या मुलाचा, धाकट्या जॉन फॉस्टरचा. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात त्याची हानी झाली आणि १९६६ मध्ये ते पाडले गेले. विद्यापीठाने त्या जागी सेनेट हाउस बांधले. इतर बाजूंच्या जुन्या घरांत आता विद्यापीठाचे विभाग भरतात.