वल्हांडणाच्या भाकरीत रक्त? साफ खोटं

ज्यू लोक ख्रिस्ती मूल मारून त्याचं रक्त वल्हांडण या आपल्या सणाच्या भाकरीत घालतात, हा आरोप युरोपातल्या जुन्या भक्तिकथांनी शतकानुशतकं फिरवला. आजही तो इंटरनेटवर डोकं वर काढतो, म्हणून स्पष्ट लिहिते: तो पूर्ण खोटा आहे.

त्या बेखमीर, म्हणजे पीठ न फुगवता केलेल्या, भाकरीत पीठ आणि पाणी, बस. पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते. आणि पशुपक्ष्यांचं रक्त खाणं तर तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातच निषिद्ध आहे. मांस आधी पाण्यात भिजवतात, मीठ लावून तासभर निथळत ठेवतात, मग पुन्हा धुतात. अंडं फोडल्यावर लाल ठिपका दिसला तर ते टाकून देतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घरांतही मांस असंच मीठ लावून निथळवायची रीत आहे.

पोप चौथे इनोसंट यांनी १२४७ मध्येच हा आरोप फेटाळला होता. तरी १२५५ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकनला ह्यू नावाचा मुलगा मेलेला सापडला आणि त्याला मारल्याच्या आरोपावरून १९ ज्यूंना फासावर चढवलं. १२९० मध्ये सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी चॉसर या इंग्रज कवीने ज्यूंनी मूल मारल्याची अशीच एक कथा लिहून तिच्या शेवटी याच ह्यूला प्रार्थनेत हाक मारली. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात ज्यू माणूस पाहिलाही नसेल!

इटलीतल्या ट्रेंटमध्ये १४७५ साली मेलेल्या सिमॉन या बालकाच्या मृत्यूचा आरोपही ज्यूंवर ठेवून त्याची हुतात्मा म्हणून पूजा चाले. चर्चने ती १९६५ मध्ये बंद केली.